जखम भरते कशी?

खोडदच्या शिवारात विळा किंवा खुरपे लागले नाही असा हात सापडणे कठीण. जखम आठ-दहा दिवसांत भरते आणि आपण ती विसरतो. ती भरते कशी, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी जिवंत पेशी असतात. त्यांच्यापासून झालेल्या नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात व मरतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. मृत पेशी विटांसारख्या रचल्या जातात आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ चुन्यासारखे सांधे भरतात. ही भिंत अंगातले पाणी आत ठेवते व जंतूंना बाहेर रोखते.

जखम झाली की प्रथम रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी जंतू व घाण साफ करतात. त्याच वेळी जखमेच्या कडेच्या आणि केसांच्या मुळांजवळच्या पेशी जागा सोडून ओलसर पृष्ठावरून सरकत येतात व उघडी जागा झाकतात. खोल भाजल्यास केसांची मुळेही जळतात. मग पेशी फक्त कडेने येतात आणि मोठ्या जखमेला त्या पुऱ्या पडत नाहीत. पाणी झिरपत राहते, जंतू शिरतात व जीव धोक्यात येतो.

अशा वेळी उसनी भिंत लागते. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या व १९८५ साली त्याविषयी लिहिले. आपल्या सातगाव पठारावरच्या बटाट्याची सालही मृत पेशींचीच भिंत असते. मात्र हा उपाय घरी करू नये.

खोल जखमेला माणसाची कातडी अधिक उपयोगी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठीवरून पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही कातडी कायमची टिकत नाही, पण रुग्णाला सावरायला वेळ मिळतो.

बंधुभगिनींनो, भाजल्यावर हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका. वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा, स्वच्छ कापडाने झाका व दवाखाना गाठा. आणि त्वचादानाचा विषय घरात आजच काढा. दुःखाच्या त्या सहा तासांत तो सुचत नाही.