फ्लेक्स भारी, पण वाचणार कोण?

विट्यातले फ्लेक्स बघा. कोरल, फोटोशॉप तर आता सगळ्यांनाच येतं. मग व्यावसायिक डिझायनरला जादा पैसे कशाला द्यायचे?

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात दाखवलं, की मुरलेला माणूस दिलेला प्रश्न तसाच सोडवत नाही. आधी तो नव्याने मांडतो.

समजा, रक्तदान शिबिराचा बोर्ड आहे. हौशी माणूस विचारतो, ‘फोटो कुठं बसवू?’ व्यावसायिक विचारतो, ‘गाडीवरून जाणारा काय वाचणार?’ मग तारीख-ठिकाण मोठं होतं. ओळींत जागा सुटते, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. आणि ‘नेत्यांचे फोटो कमी करा’ हेही त्यालाच सांगावं लागतं.

रक्तदाते आलेच नाहीत, तर देखणा बोर्ड काय कामाचा?