ओल्या जखमेवर टिकणारा गोंद

पावसाळ्यात एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीचा जिना निसरडा होतो. मागच्या पावसाळ्यात घरातला धाकटा तिथेच घसरला आणि त्याची हनुवटी फुटली. रक्ताने ओल्या कातडीवर लावलेली पट्टी दोनदा सुटली. तेवढ्यात कुणीतरी सुचवले, "खेळणी जोडायचा गोंद लावा, पटकन चिकटेल." आम्ही ऐकले नाही, टाके घालून आणले. पण ओल्यावर पट्टी का टिकत नाही, हा प्रश्न मनात राहिला.

दोष पाण्याचा. त्याचा पातळ थर मध्ये राहतो आणि गोंदाला कातडीपर्यंत पोहोचू देत नाही.

गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या शिंपल्यांना ही अडचण येत नाही. ते बारीक चिवट धाग्यांनी लाटांच्या माऱ्यातही खडक धरून राहतात. १९८१ मध्ये हर्बर्ट वेट आणि मार्विन टॅन्झर यांनी याच कुळातल्या शिंपल्याच्या चिकट प्रथिनात 'डोपा' हा घटक असल्याचे दाखवले. पुढे कळले की त्याच्या सोबतीचा लायसिन खडकावरचे क्षार बाजूला सारतो आणि डोपातला कॅटेकोल हा भाग तिथे पकड घेतो.

शास्त्रज्ञ हाच कॅटेकोल लांब साखळीच्या रेणूंना जोडतात. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावणाचे जेल बनते. मेख इथेच आहे. भाकरीचे पीठ सैल झाले तर हाताला चिकटते पण तुटते, घट्ट झाले तर एकसंध राहते पण चिकटत नाही. जेलचेही तसेच. ऑक्सिडीकरण जास्त झाले की जेल मजबूत होते, पण पकड घटते. नेमका मेळ साधणे हेच खरे काम.

दक्षिण कोरियात हेशिन ली यांच्या गटाने कायटोसानला कॅटेकोल जोडून इंजेक्शनच्या सुईवर लेप दिला. कायटोसान कोळंबीच्या सालींपासूनही बनते. सुई बाहेर काढताना लेप छिद्रात राहून ते बुजवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, रक्त न गोठणाऱ्या उंदरांनाही सुई टोचल्यावर रक्तस्राव झाला नाही. हिमोफिलियाच्या मुलांच्या आईबापांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

तोवर घरात एवढे लक्षात ठेवावे: झटपट चिकटणारा घरगुती गोंद जखमेवर लावू नये. तो घट्ट होताना तापतो आणि कातडीला इजा करतो. डॉक्टर वापरतात तो गोंद वेगळा असतो. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि दवाखाना गाठावा.