काठी हलवणारा माणूस

एकदा टीव्हीवर खूप माणसे व्हायोलिन, बासरी अशी वाद्ये वाजवत होती. पुढे एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. हातात बारीक काठी. आजी म्हणाली, "हा बाबा तर काहीच वाजवीत नाही. ह्याला पगार कशाचा?" मलाही तसेच वाटले. मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितलेली माहिती लिहिते.

त्या माणसाला वाद्यवृंद संचालक म्हणतात. इंग्रजीत कंडक्टर. पण तो एस.टी.चा कंडक्टर नव्हे! मोठ्या वाद्यवृंदात ८० ते १०० वादक असतात. प्रत्येकापुढे आपापल्या वाद्याचीच स्वरलिपी असते. संचालकाच्या वहीत मात्र सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. तो उजव्या हाताने ताल दाखवतो. चार मात्रा असतील तर हात पहिल्याला खाली, दुसऱ्याला डावीकडे, तिसऱ्याला उजवीकडे आणि चौथ्याला वर जातो. डावा हात सांगतो, हळू, मोठ्याने, आता तुम्ही. समूहगान असेल तर पुष्कळ संचालक काठी घेतच नाहीत. नुसत्या हातांनी दाखवतात. खरे काम तालमीत असते. एवढ्या जणांतून कोण चुकले ते ऐकू यावे लागते.

झुबिन मेहता हे जगप्रसिद्ध संचालक आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मले. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. झुबिन आधी डॉक्टर होण्यासाठी शिकत होते. ते सोडून १९५४ साली ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी संगीत शिकायला गेले. तेव्हा ते फक्त १८ वर्षांचे होते. हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. तिथे ते डबल बास वाजवायला शिकले. ते माणसापेक्षाही उंच वाद्य असते. मोठ्या संचालकांच्या तालमी जवळून पाहायला मिळाव्यात म्हणून ते गाणाऱ्यांच्या संघात जाऊन गायले. १९५८ साली इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. पुढे अमेरिका, इस्राएल अशा देशांतले मोठे वाद्यवृंद त्यांनी सांभाळले. २००१ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. म्हणजे हात हलवायच्या आधी खूप वर्षे शिकावे लागते.

आमच्या समूहगीतात मागची रांग नेहमी मागे पडायची. गुरुजी म्हणाले, "ती मुले पुढच्यांचे ऐकून म्हणतात, म्हणून उशीर होतो. सगळ्यांनी एकच हात बघा." तो हात माझा ठरला. मला गायला फार आवडते. पहिल्या दिवशी मी हात दाखवत मोठ्याने गायले. मग मला दुसऱ्या कुणाचे ऐकूच येईना. दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले. थोडे वाईट वाटले. पण तेव्हा कळले, मागची रांग पण किती छान गाते!

पालकांनो, २६ जानेवारीला मी तुमच्याकडे पाठ करून उभी असेन. रागावू नका. मागची रांग नीट ऐका. आणि आजी, मला पगार नाही बरं का!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी