आर्नोकांठची छत्री

हायस्कुलांतील मुलामुलींस परदेशचीं ऐतिहासिक स्थळें दाखविण्यासाठीं सहली काढण्याची प्रथा अलीकडे आपल्या शहरांतूनहि रुजूं लागली आहे. त्या सहलींच्या खर्चाचा आंकडा ऐकून कपाळाला आंठ्या घालणारे पालक आहेत. तसेच, शेजारचा मुलगा गेला म्हणून आपलाहि गेलाच पाहिजे, असें मानणारेहि आहेत. गेल्या उन्हाळ्यांत पुण्याच्या एका शाळेच्या बावीस विद्यार्थ्यांबरोबर, वडीलधारें मनुष्य म्हणून, इटलीस जाण्याचा योग आम्हांस आला. तेथें जें अनुभवास आलें त्यावरून या उभय पक्षांस चार शब्द सांगावेसे वाटतात.

निघण्यापूर्वीं एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ एका कचेरींतले साधे नोकर. मुदतठेव मोडून त्यांनीं पैसे भरले होते. ते इतकेंच म्हणाले, “हा पैसा पुन्हां जमवायला आम्हांला चार वर्षें लागतील, त्याचें कांहीं नाहीं. पण परत आल्यावर, आपण काय पाहिलें, हें त्याला सांगतां आलें पाहिजे. आपण तेवढें पाहा.”

रोमांतले पहिले दोन दिवस केवळ धांवपळींत गेले. सहलीच्या आंखणीनें दिवसाला इतकीं स्थळें नेमून दिलीं होतीं कीं, एकाचें नांव कानांत शिरण्यापूर्वींच दुसरें समोर येई. इ. स. ८० सालीं टायटस बादशहानें ज्याचें उद्घाटन केलें, त्या कोलोसियमच्या अवाढव्य रंगभूमीपुढें आमचीं मुलें उभीं राहिलीं, तीं तिच्याकडे पाठ करून! मोबाइलमध्यें स्वतःचे चेहरे टिपण्यांत वीस मिनिटें सरलीं. त्या रात्रीं आम्हीं प्रत्येकास दहा ओळी लिहावयास सांगितल्या. उपरोक्त मुलानें लिहिलें, ‘कोलोसियम फार मोठें आहे. तेथें फार गर्दी होती. आइस्क्रीम चांगलें होतें.’ आम्हांस त्याच्या वडिलांचे शब्द आठवले, आणि झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बाईंच्या संमतीनें आम्हीं दोन स्थळें गाळलीं, आणि पँथिऑन या प्राचीन मंदिरांत सर्वांस अर्धा तास बांकांवर नुसतें बसविलें. त्रेचाळीस मीटरांहून अधिक व्यासाचा तो घुमट आणि त्याच्या माथ्यावरचें तें उघडें वर्तुळ पाहून एका मुलीनें विचारलें, “पाऊस आला तर हो?” पाऊस आंत येतो, आणि किंचित् उतरत्या फरशींतील छिद्रांतून निघून जातो, असें सांगतांच प्रश्नांची रीघ लागली. लोखंडाच्या सळ्यांवांचून हा घुमट एकोणीसशें वर्षें उभा कसा? खालीं जड दगडाची खडी आणि वर वर जातां हलक्या, सच्छिद्र दगडाची, हें कारागिरांचें चातुर्य ऐकून मुलें चकित झालीं. पुढें दर्शनीं भागावरील लेखाची गोष्ट निघाली. हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १२५ च्या सुमारास, ही वास्तु पुन्हां उभारली गेली. परंतु तिच्यावर नांव ठेवलें तें मूळ मंदिर बांधणाऱ्या अग्रिप्पाचें. “बांधलें एकानें आणि नांव दुसऱ्याचें?” आमचा तो मुलगा पुटपुटला. त्यानें विचारलेला तो पहिला प्रश्न!

फ्लॉरेन्सला एक दुपार बाजारहाटासाठीं राखलेली होती. आदल्या रात्रीं आम्हीं मुलांस एक हकीकत सांगितली. राजर्षि शाहू १८८४ सालीं ज्या गादीवर दत्तक आले, त्याच कोल्हापूरच्या गादीचे पूर्वींचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं युरोप पाहण्यास गेले. प्रवासांत ते रोजनिशी लिहीत. ती १८७२ सालीं लंडनांत छापून निघाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्यें ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला निवर्तले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदु रीतीनें त्यांचें दहन झालें. तेथें १८७४ सालीं त्यांचें स्मारक उभें राहिलें. तें पाहावयाचें असेल तर बाजार सोडावा लागेल आणि बरेंच चालावें लागेल, हेंहि आम्हीं स्पष्ट सांगितलें. हात वर झाले ते सतरा. पांच जणांचीं तोंडें उतरलीं. तीं दुसऱ्या दिवशींहि पूर्ववत् झालीं नाहींत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

सहलीच्या व्यवस्थापकानें गाडी देण्याचें नाकारलें. कासिने नांवाच्या लांबलचक उद्यानांतून आम्ही पायींच निघालों. उद्यानाच्या अगदीं टोंकाला, झाडींत, छत्रीखालीं मराठी शिरोभूषण धारण केलेला एका तरुणाचा अर्धपुतळा दिसला, आणि वाटभर चाललेला कलकलाट आपोआप थांबला. “वीस वर्षांचे!” तो मुलगा म्हणाला. “म्हणजे माझ्यापेक्षां पांचच वर्षांनीं मोठे.” कोणी आणलेलीं फुलें नव्हतीं. एका मुलीनें वाटेंतलीं चार रानफुलें खुडून पायरीवर ठेविलीं. पाठ फिरवून फोटो मात्र कोणीं काढला नाहीं.

पालकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. आठ दिवसांत पांच देश दाखवूं म्हणणाऱ्या सहलीपेक्षां दोन शहरें नीट दाखविणारी सहल पत्करावी. निघण्यापूर्वीं महिनाभर घरीं त्या स्थळांची चर्चा व्हावी. रोज रात्रीं वही उघडली जावी. आणि ज्या घरास हा खर्च झेपण्याजोगा नसेल त्यानें खंत करूं नये. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, तीं जो मन लावून पाहील त्यास जगाच्या दळणवळणाचा इतिहास लोणावळ्याजवळच भेटेल. डोळस पाहणें घरीं शिकलेंच नसेल, तर रोमास जाऊनहि तें यावयाचें नाहीं.

परतल्यावर आठवड्यानें ते गृहस्थ मुलास घेऊन आले. मुलगा तासभर बोलत होता. घुमटाची खडी, अग्रिप्पाचें नांव, नदीकांठची छत्री. शेवटीं तो म्हणाला, “बाबा, तिथें जवळच एक मोठा पूल आहे. त्याला महाराजांमुळें ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात.”

“मग त्यांचें नांव नाहीं का पुलाला?” वडिलांनीं विचारलें.

“नाहीं. नांव आपण लक्षांत ठेवायचें,” मुलगा उत्तरला.

वडील कांहीं बोलले नाहींत. जातांना त्यांनीं आम्हांस नमस्कार केला, आणि मुदतठेवीचा विषय पुन्हां निघाला नाहीं.