मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र : खर्चाचा हिशेब

मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांची नावे अनेकदा एका दमात घेतली जात असली, तरी महाराष्ट्रात या दोन दस्तांच्या खर्चाचे गणित सर्वस्वी भिन्न आहे. मृत्युपत्राचा अंमल ते करणाऱ्याच्या निधनानंतरच सुरू होतो आणि त्यावर मुद्रांक शुल्क, म्हणजे दस्तावर राज्य सरकार आकारते तो कर, मुळीच लागत नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कक्षेत येणारे मृत्युपत्र साध्या कागदावर लिहून, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी वैध ठरते. नोंदणी ऐच्छिक असून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिची फी अवघी 100 रुपये आहे. पानांनुसार दस्त हाताळणी शुल्क तेवढे वेगळे पडते. खरा खर्च असतो तो वकिलाच्या मानधनाचा. त्याला ठरीव दर नसतो आणि मालमत्ता व वारस यांची गुंतागुंत जितकी अधिक, तितके ते वाढते.

कुलमुखत्यारपत्राने मात्र हयातीतच दुसऱ्याला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दिला जातो, आणि शुल्क त्या अधिकाराच्या व्याप्तीवर ठरते. स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार मोबदला न घेता जवळच्या नातेवाइकाला दिल्यास 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. तोच अधिकार त्रयस्थाला दिल्यास बाजारमूल्यावर खरेदीखताइतके शुल्क द्यावे लागते. 5 टक्के दर धरला, तरी 50 लाखांच्या सदनिकेवर ही रक्कम अडीच लाख रुपये होते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतलेले कुलमुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

खरेदीखताचा खर्च टाळण्यासाठी केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर घेणे महागात पडते, कारण अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाल्यास किंवा त्याची मानसिक क्षमता लोपल्यास 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार कुलमुखत्यारपत्र सामान्यतः संपुष्टात येते. त्यामुळे ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही, तसेच मृत्युपत्रही हयातीतील व्यवहारांसाठी निरुपयोगी ठरते. म्हणून दोन्ही दस्त बुद्धी शाबूत असतानाच स्वतंत्रपणे करून ठेवणे इष्ट होय.