प्रसूत्युत्तर विषाद आणि मानसोपचार : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

बाळंतिणीच्या देहाची काळजी कशी घ्यावी, याविषयी आपल्या समाजाने फार बारकाईने विचार केला आहे. शेक-शेगडी, तेलमर्दन, डिंक-अळिवाचा आहार, सव्वा महिन्याची विश्रांती आणि पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याची चाल ही त्याची साक्ष होय. परंतु तिच्या मनाच्या अवस्थेस मात्र या व्यवस्थेत स्वतंत्र स्थान नाही. बाळंतीण खिन्न दिसली, तर ‘दृष्ट लागली’ अथवा ‘बाहेरची बाधा झाली’ असे म्हणून तो विषय पुष्कळदा मिटविला जातो. या खिन्नतेवर मानसोपचाराचा उपयोग कितपत होतो, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात तो उपचार कोणी व केव्हा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तीन अवस्थांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा हळवेपणा पुष्कळ स्त्रियांना जाणवतो आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप मावळतो. याच्या दुसऱ्या टोकास प्रसूत्युत्तर उन्माद आहे. तो हजार बाळंतिणींत एखाद-दोघींनाच होतो. परंतु भास, असंबद्ध भाषण व वर्तनातील विकृती दिसताच त्यावर रुग्णालयात तातडीने उपचार व्हावयास हवेत. या दोहोंच्या मध्ये विषाद हा विकार येतो. झोप व भूक जाणे, कशातच मन न रमणे, आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटणे आणि क्वचित जीव नकोसा होणे, ही त्याची लक्षणे होत. विकसनशील देशांत सुमारे शेकडा २० बाळंतिणींस मानसिक विकार, मुख्यतः विषाद, होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

या विकाराचे सामाजिक स्वरूप आपल्या शेजारच्या गोव्यातील अभ्यासाने स्पष्ट केले. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात शेकडा २३ माता प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी विषादग्रस्त आढळल्या. दारिद्र्य व पतिपत्नींतील बेबनाव ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. मुलगी जन्मास येण्याचाही परिणाम दिसला. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या मातांपैकी शेकडा ७८ जणींचे मन गरोदरपणातच अस्वस्थ होते. म्हणजे ज्यास आपण बाळंतपणाचा आजार म्हणतो, त्याचा आरंभ बहुधा त्यापूर्वीच झालेला असतो.

आता उपचाराकडे वळू. मानसोपचार म्हणजे केवळ धीर देणे नव्हे. ‘मी वाईट आई आहे’ यासारखा विचार ओळखणे, तो वस्तुस्थितीशी ताडून पाहणे, त्याजागी हितकर विचार आणणे आणि त्यास अनुसरून लहानसे कृत्य करून पाहणे, असा त्याचा क्रम असतो. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. अतीफ रहमान यांनी हा क्रम गावोगावच्या स्त्री-आरोग्यसेविकांस शिकविला. भेटींचा प्रारंभ गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यात होई, आणि ‘बाळाची वाढ’ हा विषय पुढे ठेवल्याने घरातील वडीलधाऱ्यांचेही साहाय्य मिळे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी उपचार घेतलेल्या मातांपैकी शेकडा २३ विषादग्रस्त राहिल्या. इतर मातांत हे प्रमाण शेकडा ५३ होते. गोव्यात हेच कार्य सामान्य स्त्रियांकडून, ‘सखीं’कडून, करवून घेतले असता २०१९ च्या अहवालात लाभ दिसला, पण तो बेताचा होता : शेकडा ७३ विरुद्ध ६०. तात्पर्य, पद्धती उपयुक्त आहे. तथापि तिचे यश शिक्षण व देखरेख यांवर अवलंबून आहे. विकार तीव्र असल्यास औषधोपचारही आवश्यक ठरतो.

धाराशिव जिल्ह्यात अशी माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. शिवाय गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या घरोघरच्या नवजात-शुश्रूषेच्या पद्धतीवरून २०११ पासून देशभर योजना सुरू झाली. तीनुसार रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्या नोंदपत्रकात माता असंबद्ध बोलते काय, हा प्रश्न आहे. उन्मादाची खूण त्यात टिपली जाते. मुकाट्याने झुरणारी माता मात्र त्यातून निसटते. १९८७ साली तयार झालेल्या एडिंबरो प्रश्नावलीत केवळ दहा प्रश्न आहेत. त्यांना या सहा भेटींत जागा करून देणे अशक्य नाही.

येथे दोन स्थानिक अडचणींचा विचार करावयास हवा. मुलगी बाळंतपणास माहेरी जाते, तेव्हा सासरच्या आशेशी तिचा संबंध तुटतो. तसेच कळंब, भूम, वाशी या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जात असल्यामुळे बाळंतिणीच्या विश्रांतीने मजुरी घटते. सव्वा महिना तिला कोठून मिळावा? म्हणून मनाची चौकशी गरोदरपणीच, स्थलांतरापूर्वी, सुरू व्हावी आणि तिची नोंद मातेच्या कार्डावर तिच्यासोबत जावी, हे इष्ट होय. तोवर २०२२ पासून चालू असलेली १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा उपयोगी पडू शकेल.

उपचारासाठी दाखल झाल्यास मूल दुरावेल, ही भीतीही पुष्कळ मातांना गप्प ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलास अशा मातेपासून सामान्यतः विलग करता येत नाही. ही गोष्ट तिला व तिच्या सासूबाईंना आधीच सांगितली गेली, तर उपचाराच्या मार्गातील एक मोठा अडसर दूर होईल.