बीटीके : उणिवेतून उलगडलेले जनुक

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांचा 1952 सालचा निबंध आठ वर्षांच्या एकाच मुलावर होता. त्याच्या रक्तात न्यूमोकॉकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा होई. इलेक्ट्रोफोरेसिसने रक्तातली प्रथिने वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा भागच गायब! ब्रूटन निदानावर थांबले नाहीत. दात्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन ते मुलाला दरमहा टोचू लागले आणि त्याचे दुखणे हटले. एका रुग्णाकडे इतके नीट पाहणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

आजार मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो, तेव्हा दोष एक्स गुणसूत्रावर असणार, हा अंदाज होताच. नेमके जनुक मात्र 1993 मध्ये दोन गटांना स्वतंत्रपणे सापडले. ब्रूटन टायरोसिन कायनेज, अर्थात बीटीके, हे विकर त्यातून घडते. बी पेशीच्या पृष्ठभागावर आलेला निरोप ते पुढच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून आत पोचवते. ते नसेल तर कोवळ्या बी पेशी अस्थिमज्जेतच अडतात आणि प्रतिपिंडे तयारच होत नाहीत.

काही रक्तकर्करोगांतल्या बी पेशी याच निरोपावर तगतात. तो तोडता येईल का? बीटीकेवाचून माणूस जगतो, बाकीचे अवयव चालतात, याचा पुरावा त्या आजारी मुलांनी आधीच दिला होता. या विकराच्या 481व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचे चिकटणारे इब्रुटिनिब हे औषध नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पुढे काही रुग्णांच्या कर्करोगपेशींत नेमकी तीच जागा बदलली आणि औषधाची पकड सुटली. त्या जागेला न चिकटताही काम करणारे पिर्टोब्रुटिनिब 2023 मध्ये आले.

ज्यांच्यामुळे हे सारे कळले, त्या मुलांचा मुख्य उपचार मात्र अजून ब्रूटन यांचाच आहे : बाहेरून दिलेली प्रतिपिंडे, जन्मभर. आता ती बहुधा शिरेतून देतात, तीन-चार आठवड्यांनी. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा आजारांचे निदान होते. पण ही प्रतिपिंडे, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन, महाग आहेत, मुलाचे वजन वाढेल तशी मात्रा वाढते आणि खर्चही. कर्करोगाच्या औषधांइतकीच घाई या मुलांसाठीही व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.